युरोपात दिवस विस्कटला तर: दोघांनीच फिरणाऱ्यांसाठी

अमरावती-अकोल्याकडची जोडपी आता टूर कंपनीच्या बसमध्ये न बसता दोघंच युरोपला जाऊ लागली आहेत. कोणाची लेक जर्मनीत असते, कोणी निवृत्तीच्या पैशातून पंधरा दिवसांचा बेत आखतो, कोणाची लग्नानंतरची पहिली मोठी सहल असते. या वाचकांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: तिकडे काही घोळ झाला तर आधी कुठे धावायचे? पोलिसांकडे, वकिलातीत, विमा कंपनीकडे, की इथे झोपलेल्या मुलाला उठवायचे? या प्रश्नाचे निम्मे उत्तर घरून निघण्यापूर्वीच द्यावे लागते. दिवस बिघडतो तो अगदी साध्या गोष्टीने. खिसा कापला जातो, गाडी चुकते, संग्रहालय बंद निघते. त्या साध्या गोष्टीचे संकट होते, कारण पासपोर्ट, पैसे, तिकिटे, इंटरनेट आणि सगळी माहिती दोघांपैकी एकाकडेच असते. आणि गेलेले परत मिळायचे असेल, तर त्याच दिवशी, त्याच गावात घेतलेला कागदच उपयोगी पडतो.

एकाच्या खिशात सगळे का नको

आपल्याकडची नेहमीची मांडणी अशी असते. नवऱ्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये दोघांचे पासपोर्ट, दोन्ही कार्डे आणि सगळे युरो. हॉटेलचे बुकिंग, रेल्वेची तिकिटे, नकाशा त्याच्याच फोनमध्ये. बायकोच्या फोनमध्ये तिकडचे सिम टाकलेलेच नसते. ‘तुमचा आहे ना, मग दुसरा खर्च कशाला’ असे म्हणून ते राहून जाते. आता मेट्रोच्या दारात तो पाऊच आणि फोन गेला असे समजा. हॉटेलचे नाव आठवत नाही, पत्ता फोनमध्ये होता. मुलाचा नंबर पाठ नाही, तोही फोनमध्ये. कार्ड बंद करायचे तर बँकेचा नंबर हवा. पैसे मागवायचे तर ओटीपी हवा, आणि तो गेलेल्या फोनवर येणार. संध्याकाळच्या गाडीचे तिकीटही त्याच फोनमध्ये. चोरी एकच झाली, पण दोघांचे सगळे मार्ग एका फटक्यात बंद झाले.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘दोन जागी ठेवले की दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते, त्यापेक्षा एकाने नीट सांभाळलेले बरे.’ घरात हे खरे आहे. पण पॅरिसच्या मेट्रोची एक नंबरची लाइन, रोमचे तेर्मिनी स्टेशन आणि तिथली ६४ नंबरची बस, बार्सिलोनाचा ला रांब्ला या ठिकाणी खिसेकापू टोळीने काम करतात. एक जण कागदावर सही मागतो, दुसरा मनगटात धागा बांधू लागतो, तिसरा कपड्यावर काहीतरी सांडले म्हणून पुसायला येतो, आणि हात चौथ्याचा असतो. सावध माणसाचे लक्ष नेमके त्याच क्षणी उडावे, अशी ती सगळी रचना असते. वाटणी मात्र लक्षावर अवलंबून नसते. एकाचे सगळे गेले तरी दुसऱ्याच्या हातात दिवस पुढे चालवण्याइतके उरते.

दुसरा आक्षेप मुलांच्या भरवशाचा. ‘पोरगा पुण्याहून फोनवर सगळे सांगतो.’ सांगेल, पण फोन असेल तर. शिवाय आपले घड्याळ तिकडच्या बहुतेक मोठ्या शहरांपेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. तिकडे रात्री नऊला घोळ झाला, तर इकडे मध्यरात्र उलटलेली असते. आणि हेही स्पष्ट म्हटले पाहिजे: ज्या बाईने तीस वर्षे घर आणि नोकरी सांभाळली, तिला परक्या शहरात स्वतःच्या हॉटेलचे नाव सांगता येत नसेल, तर त्यात तिची काही उणीव नाही. तिच्या हातात कोणी कागदच दिलेला नसतो.

निघण्यापूर्वीची वाटणी

- पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, कपड्याच्या आतल्या पिशवीत. काही देशांत परदेशी माणसाने ओळखीचा कागद जवळ बाळगावा अशी कायद्याची अपेक्षा असते, आणि आधार कार्डाला तिकडे काही अर्थ नाही. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स एकमेकांच्या बॅगेत ठेवा.
- कार्डे दोन वेगळ्या बँकांची, प्रत्येकाकडे एक. परदेशी व्यवहार चालू-बंद करणे, टॅप करून पैसे देण्याची सोय बंद ठेवणे, खर्चाची मर्यादा घालणे हे सगळे बँकेच्या अ‍ॅपमधून करता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० साली ही सोय द्यायला बँकांना बांधील केले. मर्यादा दिवसाच्या गरजेपुरतीच ठेवा.
- रोख दोघांत वाटून. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ पासून चालते, पण त्या एका बातमीवर विसंबून निघू नका. एटीएम किंवा दुकानातले यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असे विचारेल तेव्हा युरो निवडा. रुपये निवडले की दर बहुधा महाग पडतो.
- फोन दोघांचेही चालू, दोघांतही इंटरनेट. घरच्या नंबरचे रोमिंग सुरू करून ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. तिकिटे दोन्ही फोनमध्ये, इंटरनेटशिवाय उघडतील अशी साठवा.
- एक हाताने लिहिलेले पान, दोघांच्या खिशात एकेक. हॉटेलचे नाव-पत्ता तिकडच्या स्पेलिंगमध्ये, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि चोवीस तासांचा फोन, कार्ड बंद करण्याचा नंबर, त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा तातडीचा नंबर, मुलाचा नंबर, चालू गोळ्यांची नावे.

या सगळ्याच्या प्रती अमरावतीला एका विश्वासू माणसाच्या ई-मेलवर असू द्या. तयारीला एक संध्याकाळ पुरते.

बेत कुठे फसतो

खिसेकापूंची भीती सर्वांना असते, पण फिरण्याचे बहुतेक दिवस त्यापेक्षा फार साध्या कारणांनी फसतात. पॅरिसचे लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तिथलेच ओर्से सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी. तिकडेही कामगार दिनाची सुट्टी असते आणि लुव्र त्या दिवशी उघडत नाही. मिलानमधले लिओनार्दोचे ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्र आधी वेळ घेतल्याशिवाय बघायला मिळत नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक घराची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात, तीही दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची सुटतात. रोमच्या कोलोसियमच्या तिकिटावर नाव असते आणि दारात ते पासपोर्टशी ताडून पाहतात. म्हणून घाईत एकाच नावावर दोन तिकिटे काढू नका. शिवाय काढलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. तेव्हा दिवसाला एकच पक्के वेळेचे ठिकाण ठेवा आणि बाकीचे मोकळे सोडा. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशी तीन वेळांची तिकिटे काढली, की पहिल्या ठिकाणी अर्धा तास उशीर झाला तरी तिन्ही जातात.

उजेड हीसुद्धा एक फसवणूक आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हातून सुटून गेलेल्या माणसाला पॅरिसमध्ये रात्री नऊ वाजताही चांगला उजेड दिसतो, आणि ‘अजून वेळ आहे’ असे वाटत राहते. संग्रहालयाचा शेवटचा प्रवेश मात्र बहुतेक दिवशी पाचच्या सुमारास होऊन गेलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिकडची घड्याळे एक तास मागे येतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात. फोन स्वतःहून बदलतो, हातातले घड्याळ बदलत नाही. दोघे दोन वेगवेगळ्या वेळांवर चालले, तर गाडी सुटायला तेवढे पुरते.

स्टेशनांची नावे नीट वाचा. व्हेनिसला उतरायचे म्हणून ‘व्हेनेझिया’ वाचून मेस्त्रेला उतरणारे पुष्कळ असतात. मेस्त्रे मुख्य भूमीवरचे मोठे जंक्शन आहे आणि खरे व्हेनिस पुलापलीकडच्या सांता लुचिया या टोकाच्या स्टेशनावर सुरू होते. बडनेरा आणि अमरावती स्टेशनचे नाते माहीत असणाऱ्याला हे जास्त समजवावे लागणार नाही. फक्त तिथे उतरल्यावर ‘ऑटोने जाऊ’ म्हणता येत नाही. त्याच व्हेनिसमध्ये एप्रिल ते जुलैच्या काही ठरावीक तारखांना, मुक्काम न करता दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेण्याची पद्धत २०२४ पासून सुरू झाली आहे. जाण्याआधी तुमची तारीख त्यात बसते का ते पाहून घ्या.

दंडाचा भाग सर्वांत जास्त मनस्तापाचा. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या मेट्रोला बहुधा दारच नसते. तुम्ही सरळ प्लॅटफॉर्मवर जाता, पण म्हणून तिकीट लागत नाही असे नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. पैसे भरून घेतलेले तिकीट शिक्का नसेल तर कोरे समजले जाते, आणि साध्या कपड्यातला तपासनीस ‘आम्ही नवीन आहोत’ हे ऐकून घेत नाही. पॅरिसला तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा, आत शिरल्यावर फेकू नका. रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे. दमून तिथे टेकलात आणि डबा उघडलात तर दंड होऊ शकतो. रस्त्यावरच्या चादरीवरून नकली ब्रँडची पर्स घेतली, तर इटलीत घेणाऱ्यालाही दंड आहे. दंड झालाच तर ओळखपत्र पाहा, पावती घ्या, शक्यतो कार्डाने भरा. पावतीशिवाय रोख मागणारा तपासनीस नव्हे. तसेच ‘पोलीस आहे, पाकीट दाखवा, नोटा मोजू द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात पाकीट देऊ नका. आपण ठाण्यावर जाऊ किंवा मी ११२ लावतो, एवढेच शांतपणे म्हणा. तोतया असेल तर तिथूनच निघून जातो.

चुकामूक झाली तर

मेट्रोत दार लागते, एक आत आणि एक बाहेर राहतो. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले, की एक पुढच्या स्टेशनवरून मागे येतो, दुसरा मागून पुढे जातो, आणि तासभर दोघेही समोरासमोरच्या गाड्यांतून एकमेकांना चुकवत राहतात. म्हणून नियम घरूनच ठरवा: जो गाडीत राहिला त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून त्याच प्लॅटफॉर्मवर थांबायचे, आणि मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडून तिथे यायचे. रस्त्यावर चुकलात तर शेवटचे जिथे दोघे बरोबर होतात तिथे अर्धा तास थांबायचे, नाही भेटलात तर सरळ हॉटेलवर. हॉटेलचा पत्ता दोघांच्या खिशात असला तरच हा नियम चालतो.

अशा वेळी भांडण होते. उन्हात, भुकेत, परक्या भाषेत ‘मी तुला सांगितले होते’ हे वाक्य तोंडून निघतेच. त्या वेळी काही ठरवू नका. आधी पाणी प्या, कुठेतरी बसा, आणि मग पुढच्या दोन तासांपुरतेच बोला. राहिलेले ठिकाण सोडून द्यायला मोकळे राहा; हरवलेली दुपार भरून काढण्याच्या धावपळीत दुसरी चूक होते.

पाकीट किंवा पासपोर्ट गेला: कोणते काम आधी

कोणाला लागले असेल किंवा कोणी धमकावत असेल, तर आधी ११२. हा तातडीचा नंबर युरोपीय संघाच्या सर्व देशांत चालतो आणि फुकट आहे. तसे नसेल तर क्रम असा:

1. कार्ड बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून, जिथे आहात तिथूनच, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. सातव्या दिवसापर्यंत मर्यादित येतो. मात्र पिन पाकिटात लिहून ठेवला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे.
2. फोन गेला असेल तर जोडीदाराच्या फोनवरून तो दुरून लॉक करा आणि सिम बंद करायला कंपनीला सांगा.
3. पोलिसांकडे लेखी तक्रार. इटलीत या कागदाला ‘देनुंचा’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘देनुन्सिया’. त्यात पासपोर्टचा क्रमांक, वस्तूंची यादी, जागा आणि वेळ आली पाहिजे. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका.
4. भारतीय वकिलात किंवा वाणिज्य दूतावास.
5. विमा कंपनीला फोन, त्याच दिवशी.

‘आधी वकिलातीत जाऊ, आपली माणसे आहेत’ असे पुष्कळांना वाटते आणि ते साहजिक आहे. पण वकिलात तुमच्याकडे पोलिसांचा कागदच मागणार, त्यामुळे त्याशिवाय गेलात तर अर्धा दिवस फुकट जातो. पोलीस काही वेळा ‘चोरी कशावरून, हरवले असे लिहा’ म्हणतात. खिसा कापला असेल तर चोरीच लिहायचा आग्रह धरा, कारण सामानाच्या विम्यात चोरी आणि हरवणे यांना पुष्कळदा वेगळे नियम असतात.

वकिलातीतून दोन प्रकारचे कागद मिळू शकतात. आपत्कालीन प्रमाणपत्र लवकर मिळते, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढचे देश फिरता येत नाहीत. नवा पासपोर्ट घेतला तर थांबावे लागते, आणि गेलेला शेंगेन व्हिसा त्यात आपोआप येत नाही. सहलीचे दोन-तीन दिवसच उरले असतील तर प्रमाणपत्र घेऊन परतावे, हे माझे स्पष्ट मत आहे. आणि एक खाचखळगा: हरवला म्हणून एकदा कळवलेला पासपोर्ट दुसऱ्या दिवशी बॅगेच्या कप्प्यात सापडला, तरी तो रद्दच असतो. म्हणून कळवण्यापूर्वी बॅग एकदा पूर्ण रिकामी करून पाहा. घरी आल्यावर नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत पुन्हा अर्ज करताना तिकडच्या पोलिसांची तीच प्रत लागते.

तब्येत

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यामुळे पॉलिसी तुमच्याकडे असते. ती वाचलेली नसते इतकेच. बीपी, शुगर, हृदयाचा आधीचा आजार तिच्यात धरला आहे का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या, आणि फॉर्ममध्ये आजार लपवू नका. दवाखान्यात भरती होण्यापूर्वी किंवा निदान त्याच दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकाला कळवा. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ नावाने लिहून न्या. आपल्या ब्रँडचे नाव तिकडच्या दुकानदाराला कळत नाही.

गाडी-विमान उशिरा झाले तर तुमचा हक्क

हे हक्क युरोपच्या नागरिकांनाच असतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. प्रवासी कोणत्या देशाचा आहे हे तिथे पाहत नाहीत. युरोपीय संघाच्या रेल्वे नियमांनुसार गाडी एक ते दोन तास उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तास किंवा जास्त झाले तर ५० टक्के भरपाई मागता येते. वादळ-पुरासारख्या आपत्तीचा अपवाद आहे आणि काही स्थानिक गाड्यांना देश सूट देऊ शकतात. विमानासाठी २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. त्यात युरोपातून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान येते, आणि अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळू शकतात. मुंबईहून भारतीय कंपनीच्या विमानाने जाताना झालेला उशीर मात्र त्यात बसत नाही. खोळंबा चालू असताना खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. न दिल्यास पावत्या जपा.

यात सर्वांत मोठा खड्डा वेगवेगळ्या तिकिटांचा. स्वस्त पडते म्हणून दोन गाड्यांची दोन स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिली उशिरा आली, तर दुसरीचे पैसे तुमचेच गेले. अमरावती एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीचे विमान पकडणाऱ्यांनाही हेच लागू आहे; रेल्वे उशिरा झाली म्हणून विमान कंपनी काही देणे लागत नाही. एक दिवस आधी पोहोचा.

टूर कंपनीबरोबर गेलात तर

कंपनीबरोबर गेले की वरचे काहीच लागत नाही, असे मानू नका. वाटणीचा आणि पोलिसांच्या कागदाचा नियम तिथेही तसाच आहे. शिवाय ‘वेळ कमी आहे, टॉवर खालूनच पाहा’ असे म्हणून ठरलेले ठिकाण गाळले गेले, तर तोंडी कुरकुर करून उपयोग नाही. त्याच दिवशी टूर मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर तारीख आणि ठिकाणासह लिहा, आणि छापील कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा.

परत आल्यावर कंपनीकडून समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ‘कंपनी मुंबईची, करारावर मुंबई न्यायक्षेत्र छापले आहे, मग आम्ही कुठे जाणार’ असे म्हणून लोक इथेच थांबतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे अमरावतीकरांनी अमरावतीच्या आणि अकोलेकरांनी अकोल्याच्या आयोगात. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते, ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा; महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथेही शुल्क लागत नाही.